दोन इंजिनांच्या बोटीचा वेग : पंखा कोणता, ड्राइव्ह कोणता?

नांदेडकरांना गोदावरीतील बोट आठवते ती दोन प्रसंगी. एक, अवैध वाळू उपसा करणाऱ्या बोटी महसूल पथकाने नष्ट केल्याची बातमी येते तेव्हा आणि दुसरे, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते तेव्हा. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणातून मोठा विसर्ग झाल्यावर लातूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांतून माणसे बोटीने व हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने गावे वेढली गेली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करालाही पाचारण करावे लागले. राज्याच्या या दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे असतात, तर राष्ट्रीय दलाचा तळ पुण्याजवळ आहे. म्हणजे पहिले काही तास स्थानिक बोटीवरच भिस्त असते. ती बोट किती वेगाने आणि किती भरवशाने धावेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी नौकानयनाचा राहत नाही.

बोटीचा वेग वाढवायचा म्हणजे मोठे इंजिन बसवायचे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिनाची ताकद पाण्यापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रोपेलर, म्हणजे बोलीभाषेतील पंखा, आणि त्याला फिरविणारा ड्राइव्ह करतो. या दोहोंची निवड चुकली तर दोन इंजिने लावूनही बोट एका इंजिनाच्या बोटीसारखी धावते. शिवाय इंजिनाचे आयुष्य घटते ते वेगळेच.

ताकद दुप्पट, वेग दुप्पट नव्हे

पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. ताकद दहा टक्क्यांनी वाढविली तर वेग सुमारे पाच टक्के वाढतो. ताकद दुप्पट केली तरी वजन तेवढेच राहिल्यास वेग फार तर दीडपटीच्या आत, १.४१ पट होईल. १५० अश्वशक्तीच्या एका आऊटबोर्ड इंजिनाचे वजनच दोनशे किलोच्या घरात असते. दुसऱ्या इंजिनाबरोबर हे वजन, जादा इंधन आणि पाण्यात बुडालेला आणखी एक गिअरकेस येतो. त्यामुळे शंभर-शंभर अश्वशक्तीच्या दोन इंजिनांपेक्षा दोनशेचे एकच इंजिन लावलेली तीच बोट बहुधा थोडी अधिक वेगाने धावते.

मग दोन इंजिने कशासाठी? एक बंद पडले तर दुसऱ्यावर काठ गाठता यावा, हे त्याचे मुख्य कारण होय. पुराच्या पाण्यात पंख्याला दोर किंवा तार गुंतणे ही नेहमीची बाब असल्याने हे कारण बिनतोड ठरते.

पिच आणि घसरण

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पंखा एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या जेवढे अंतर पुढे सरकेल, ते त्याचे पिच. लाकडात स्क्रू एका वेढ्यात जितका आत जातो, तसेच हे आहे. पाणी मात्र लाकडासारखे घट्ट नसल्याने पंखा थोडा घसरतो. हलक्या, वेगवान बोटीत ही घसरण दहा ते पंधरा टक्के असते. जड बोटीत ती याहून बरीच अधिक भरते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. इंजिनाचे मिनिटाचे फेरे भागिले गिअरचे गुणोत्तर, गुणिले पिच, गुणिले ०.००१५२४, असे केले की ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. इंजिन ५८०० फेऱ्यांवर फिरत असेल, गिअरचे गुणोत्तर १.९२ असेल आणि पंखा १७ इंच पिचचा असेल, तर उत्तर येते सुमारे ७८ किलोमीटर. त्यातून बारा टक्के घसरण वजा केल्यास प्रत्यक्ष वेग ६९ किलोमीटरच्या आसपास राहील.

येथेच मोह होतो. १७ ऐवजी २१ इंचांचा पंखा लावला तर कागदावर वेग ९७ किलोमीटर दिसतो. पण पिच एका इंचाने वाढले की इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने घटतात. चार इंचांनी ते ५००० ते ५२०० पर्यंत खाली येतील. इंजिनाची शिफारस केलेली मर्यादा ५००० ते ५८०० असेल, तर चार माणसे जास्त बसताच ते मर्यादेखाली जाईल. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या मोटारीसारखी त्याची अवस्था होते. वेग तर मिळत नाहीच, इंजिनावर मात्र ताण येतो.

नियम असा की, नेहमीचा भार घेऊन पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ पोहोचले पाहिजे. त्याहून वर जात असेल तर पिच वाढवावे, पोहोचत नसेल तर कमी करावे. दोन इंजिनांत भार विभागला जातो आणि बोटही अधिक वेगाने धावते. त्यामुळे त्याच बोटीवर तेच इंजिन एकटे असताना लागणाऱ्या पंख्यापेक्षा जोडीला सहसा अधिक पिचचे पंखे लागतात.

पाती किती, धातू कोणता

तीन पात्यांचा पंखा कमाल वेगासाठी चांगला. चार पात्यांचा पंखा पाण्यावर पकड अधिक घेतो, भार घेऊन बोट लवकर उचलतो आणि वळणावर सुटत नाही. त्या बदल्यात कमाल वेग थोडा घटतो.

अॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त. पण त्याची पाती जाड असतात आणि जोर पडला की किंचित वाकतात. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ व ताठ असल्याने तेवढ्याच ताकदीत वेग थोडा वाढतो. मात्र खडकावर आदळल्यास अॅल्युमिनियमचे पाते मोडते आणि गिअर बहुधा वाचतो. पोलादी पंख्याचा धक्का आत गिअरपर्यंत जाण्याची शक्यता अधिक. नांदेडजवळचा गोदावरीचा खडकाळ तळ पाहता हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पात्याच्या मागील कडेला दिलेली किंचित मुरड पकड वाढविते आणि पाती मागे झुकलेली असली की बोटीचे नाक उचलले जाते. नाक उचलले की तळाचा पाण्याशी स्पर्श कमी होतो व वेग वाढतो. अर्थात हे प्रमाण वाढल्यास बोट उड्या मारू लागते.

उलट फिरणारी जोडी

दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढली जाते. म्हणून जोडीत एक पंखा उजवीकडे, दुसरा डावीकडे फिरतो. सर्वसाधारण मांडणीत उजव्या इंजिनाला उजवा व डाव्या इंजिनाला डावा पंखा असतो, म्हणजे पाती वरच्या बाजूस बाहेर फिरतात. काही वेगवान, विशेषतः जोडतळाच्या बोटींत ही मांडणी उलटवून फायदा मिळवितात. मात्र त्याने बोटीचा स्वभाव बदलतो, म्हणून चाचणीशिवाय तसे करू नये. उलट फिरण्यासाठी गिअरकेसच वेगळा लागतो, केवळ पंखा बदलून भागत नाही. दोन्ही पंख्यांचे व्यास व पिच तंतोतंत सारखे हवेत. एकाचे पाते वाकले असेल तर दोन्ही इंजिनांचे फेरे जुळत नाहीत आणि वेगाचा पहिला तोटा तेथेच होतो.

इंजिनाची उंचीही महत्त्वाची. गिअरकेस जितका कमी बुडेल तितका अडथळा कमी. पण इंजिन फार वर घेतले तर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि थंड करणारे पाणी इंजिनात पोहोचत नाही. त्यामुळे एकेका छिद्राने वर घेत पाण्याच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवणे हाच मार्ग आहे.

ड्राइव्हचे चार प्रकार

बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेले आऊटबोर्ड सर्वांच्या परिचयाचे. इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर, अशी स्टर्नड्राइव्हची रचना व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणली. त्याच कंपनीने १९८२ मध्ये एकाच दांड्यावर एकामागे एक, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन पंख्यांचा ड्राइव्ह आणला. त्याची पकड उत्तम असते आणि जड बोटीला तो मानवतो. परंतु अतिवेगात दुहेरी पंख्यांचा पाण्यातील अडथळा जाणवू लागतो व एकपंखी ड्राइव्ह सरस ठरतो.

सरफेस ड्राइव्हमध्ये पंख्याचा अर्धा भाग पाण्याबाहेर फिरतो. दांडा व गिअरकेस पाण्यात नसल्याने अडथळा फारच कमी होतो. शर्यतीच्या बोटींत तो दिसतो; मंद वेगात आणि मागे घेताना मात्र तो त्रास देतो.

चौथा वॉटरजेट. यात पंखा बोटीच्या आत असतो आणि पाण्याचा झोत मागे फेकला जातो. लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलासाठी बांधलेल्या इंटरसेप्टर बोटी दोन डिझेल इंजिने व दोन वॉटरजेट यांच्या बळावर ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर वेग गाठतात. तळाखाली काहीच लोंबत नसल्याने उथळ पाण्यात आणि पाण्यात माणसे असताना वॉटरजेट सुरक्षित. मात्र जलपर्णी व उसाचे पाचट त्याच्या तोंडाशी अडकते.

मराठवाड्याचा वेगळा हिशेब

मुंबईत उत्तम चाललेला पंखा येथे तसाच चालेल असे नाही. विष्णुपुरी जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ३५५ मीटर, तर मांजरा धरणाची ६४२ मीटर आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के घटते. म्हणजे विष्णुपुरीत साडेतीन आणि मांजरात सहा टक्क्यांच्या आसपास घट धरावी लागते. त्यात उन्हाळ्याची भर. तापमान २८ वरून ४२ अंशांवर गेले की हवेची घनता आणखी चार टक्क्यांनी उतरते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलके असल्याने बोट किंचित अधिक बुडते. या सर्वांचा परिणाम म्हणजे समुद्रावर जुळलेल्या पंख्यापेक्षा येथे एक इंच, क्वचित दोन इंच कमी पिच घ्यावे लागते.

बचावकार्यातील बोटीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती जाताना रिकामी आणि येताना भरलेली असते. तिचा पंखा परतीच्या भारावर निवडला पाहिजे. कमाल वेगाचे चार-पाच किलोमीटर सोडून चार पात्यांचा, कमी पिचचा पंखा घेणे येथे शहाणपणाचे; फक्त रिकाम्या बोटीत फेरे मर्यादेपलीकडे जाऊ नयेत याची काळजी घ्यावी. पंख्याभोवती जाळीचे कडे लावल्यास वेग घटतो, पण पाण्यातील माणसाला पाते लागण्याचा धोका कमी होतो. बाभळीच्या फांद्या आणि कुंपणाच्या तारा यांतून वाट काढताना एक इंजिन बंद पडलेच, तर त्याचा पाय वर उचलून घ्यावा; अन्यथा पाण्यात राहिलेला पंखा बोट मागे ओढतो.

चाचणी कशी घ्यावी

एका वेळी एकच बदल करावा. इंधन आणि माणसे तेवढीच ठेवावीत. जीपीएसवर प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध, असा दोन्ही बाजूंचा वेग मोजून सरासरी काढावी. दोन्ही इंजिनांचे फेरे, उंची व ट्रिम यांची नोंद वहीत ठेवावी. जलाशयात उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. अंतर्देशीय बोटींना १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे, त्यानुसार नोंदणी तपासावी.

वेगाची चाचणी वर्दळीच्या पाण्यात कधीही घेऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. चालकाच्या मनगटाला वा जॅकेटला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असावी आणि बोटीतील प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे.

हे सारे करण्याचा काळ पावसाळ्यापूर्वीचा. मे महिन्यात विष्णुपुरीचे पाणी स्थिर असते, आकडे नीट मिळतात आणि चुकलेला पंखा बदलण्यास वेळ असतो. जादा पंख्यांची एक जोडी, पिना, नट आणि पाना बोटीतच ठेवावा. रात्रीच्या पुरात ही सामग्री गावात शोधत फिरण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.