मनोरुग्णांचे कुटुंबीय आणि त्यांचे मानसिक आरोग्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतात मनोरुग्णाची शुश्रूषा प्रामुख्याने घरातच होत आली आहे. आई, पत्नी, बहीण किंवा सून ही जबाबदारी वर्षानुवर्षे निभावत असते. रुग्णाच्या आजाराची नोंद कागदपत्रांत होते. मात्र त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मनःस्थितीची दखल फार उशिरा घेतली गेली. इ.स. १९१२ ते २०१७ या कालखंडात कायदा, रुग्णालय आणि संशोधन यांनी कुटुंबाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

अर्जदार म्हणून कुटुंब :
१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याचा भर रुग्णाला बंदिस्त ठेवण्यावर होता. पती, पत्नी किंवा नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि आदेशानुसार रुग्णाला दाखल करावे, अशी त्यात तरतूद होती. कुटुंबाचे स्थान अर्जदाराचे व खर्चास जबाबदार असणाऱ्याचे होते. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अंमलात आल्यावरच तो संपुष्टात आला.

सहउपचारक म्हणून कुटुंब :
१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही रुग्णासोबत नातेवाइकाने राहण्याची पद्धत रुजविली. हे प्रयोग क्रांतिकारक होते. रुग्णाची घराशी असलेली नाळ त्यामुळे तुटली नाही. परंतु येथेही कुटुंबाचा विचार उपचाराचे साधन म्हणूनच झाला. घरी परतल्यानंतर सोबतच्या माणसाची झोप, अर्थार्जन आणि सामाजिक संबंध यांचे काय होते, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

ओझ्याचे मोजमाप :
इंग्लंडमध्ये ग्रॅड आणि सेन्सबरी यांनी १९६३ मध्ये मनोरुग्णांच्या कुटुंबांवरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात शैला पै आणि रवी कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरील ओझे मोजणारी मुलाखत-अनुसूची तयार केली. आर्थिक भार, दैनंदिन व्यवहार, विरंगुळा, कौटुंबिक संबंध आणि शारीरिक आरोग्य यांबरोबरच इतर सदस्यांचे मानसिक आरोग्य हा तिचा स्वतंत्र घटक होता. काळजीवाहकाचे दुःख हे केवळ कर्तव्याचा भाग नसून अभ्यासाचा विषय आहे, ही बाब त्यामुळे अधोरेखित झाली.

महाराष्ट्रातील प्रयत्न :
पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव घेतलेले प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना झाली. येथे पुढाकार तज्ज्ञाचा नसून काळजीवाहकाचा होता, हे लक्षणीय आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने आजारी भावाबरोबरच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची घालमेलही मराठी प्रेक्षकांसमोर मांडली.

एरवाडी आणि त्यानंतर :
६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे ठेवणाऱ्या नातेवाइकांना केवळ निर्दय ठरविणे सोपे आहे. परंतु गावात उपचार नाहीत, हाती पैसा नाही आणि सांभाळणारा थकलेला आहे, अशा स्थितीत श्रद्धास्थान हाच आधार वाटतो. रुग्णाच्या हक्कांचे उल्लंघन त्यामुळे क्षम्य ठरत नाही. मात्र त्याची मुळे कोठे आहेत, हे स्पष्ट होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली व अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा शासकीय कर्तव्यात समाविष्ट केल्या.

निष्कर्ष :
अर्जदार, सहउपचारक, ओझे वाहणारा आणि अखेरीस सेवेचा हक्कदार असा कुटुंबाच्या स्थानाचा प्रवास दिसतो. हा प्रवास कागदावर शतकभरात पूर्ण झाला. तथापि, रुग्णासोबत बाह्यरुग्ण विभागात आलेल्या स्त्रीला ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारले जाईल, तेव्हाच तो व्यवहारात उतरला असे म्हणता येईल.