जीआयएफवरील जकात आणि पीएनजीचा जन्म

चित्रसंपादनाच्या संगणकप्रणालीत ‘सेव्ह ॲज’ म्हटले की जीआयएफ, पीएनजी, जेपीईजी अशी नावे समोर येतात. पहिली दोन तेथे शेजारी नांदत असली, तरी दुसऱ्याचा जन्म पहिल्यावरून झालेल्या भांडणातून झाला आहे.

कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने 1987 साली जीआयएफ प्रसिद्ध केला. एका चित्रात रंग अवघे 256. पण निरनिराळ्या यंत्रांवर ते उघडे आणि टेलिफोनच्या मंद तारांवरूनही लौकर पोचे. हा आटोपशीरपणा एलझेडडब्ल्यू नामक संक्षेपपद्धतीचा. लेम्पेल व झिव यांच्या कल्पनेवर आधारलेली ही पद्धत वेल्च यांनी 1984 साली लेखाद्वारे मांडली होती. तिचे पेटंट 1985 मध्येच मंजूर झाले व पुढे युनिसिस कंपनीकडे आले, याची मात्र कॉम्प्युसर्व्हला वार्ता नव्हती.

1994 च्या डिसेंबरअखेर, ऐन नाताळच्या सुटीत, जीआयएफ हाताळणारी सॉफ्टवेअर विकणारांनी परवाना घ्यावा असे जाहीर झाले. सार्वजनिक पाणवठ्यावर एकाएकी जकातनाका बसला! कायद्याने ही मागणी वावगी नव्हती. पण लोकांजवळ त्या स्वरूपातील चित्रांचे ढीग साचल्यावर ती आली, हे दुखणे खरे.

जानेवारी 1995 मध्ये टॉमस बूटेल यांनी पर्यायाचा आराखडा मांडला. अनेक जाणकारांनी तो घोटून पक्का केला आणि 1 ऑक्टोबर 1996 रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पीएनजीस मान्यता दिली. त्याची संक्षेपपद्धती पेटंटमुक्त होती. तथापि खरे चातुर्य रचनेत आहे. ही फाइल तुकड्यांची बनते व प्रत्येक तुकड्यास चार रोमन अक्षरांचे नाव असते. पहिले अक्षर कॅपिटल असेल, तर तो तुकडा अत्यावश्यक. स्मॉल असेल, तर ज्या प्रणालीस तो उमगत नाही तिने खुशाल ओलांडून पुढे जावे. चौथे अक्षर चित्रात फेरफार करणाऱ्या प्रणालीसाठी: स्मॉल असेल, तर अनोळखी तुकडाही नव्या फाइलीत जसाच्या तसा उतरवावा, कॅपिटल असेल आणि चित्राचा गाभा बदलला असेल, तर गाळावा. उद्या निघणारी फाइल कालच्या प्रणालीत उघडावी, याची तजवीज एका अक्षराच्या आकारात!

जीआयएफ मात्र टिकला, कारण मूळ पीएनजीत हलत्या चित्रांची सोय नव्हती. बूटेल यांना स्वतःच्या ‘जीडी’ या चित्रप्रणालीतून 1999 साली जीआयएफ काढावा लागला. अमेरिकेतील पेटंटची मुदत 20 जून 2003 रोजी संपली, आणि 2004 साली तोच जीआयएफ जीडीत पुन्हा दाखल झाला.