दुर्गा मंदिर, पण कोणत्या दुर्गेचे?

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी तिचे एक संस्थापक सदस्य, तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज, कंपनी सरकारच्या आज्ञेने विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन वास्तू कागदी निगेटिव्हवर टिपू लागले. वर्षअखेरीस सैन्याने त्यांना परत बोलावले, काम डॉ. पिगू यांच्याकडे गेले.

अशा छायाचित्रांचे मोल ऐहोळेच्या दुर्गा मंदिरापाशी कळते. हे नाव दुर्गादेवीवरून आलेले नाही. छपरावर नंतरच्या काळात ओबडधोबड दगडांची तटबंदी रचली गेली; दुर्ग म्हणजे किल्ला, म्हणून हे नाव. तो तट पुढे उतरवला गेला (मंदिरासाठी बरेच झाले!). एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत मात्र तो अजून छपरावर आहे.