तकदीर, दुआ आणि सत्कर्मे : इस्लाम धर्माची शिकवण

“नशिबातच होते, त्याला कोण काय करणार?” दर्यावर गेलेली होडी परतली नाही किंवा ऐन उमेदीतला मुलगा आजारात गेला, की रेवदंड्याच्या घराघरांतून हे वाक्य ऐकू येते. बोलणारा कोळी असतो, कोर्लईचा ख्रिस्ती असतो, तसाच चौलचा मुसलमानही असतो. ‘नशीब’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘वाट्याला आलेला भाग’ असा आहे. ‘किस्मत’ म्हणजे वाटणी आणि ‘तकदीर’ म्हणजे मापून ठरविणे. हे तिन्ही शब्द मराठीत केव्हाच रुळले. परंतु त्यांच्यामागील धर्मविचार मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

मुसलमान बांधव सारे काही अल्लावर सोपवून मोकळे होतात, असा एक समज आपल्या धर्मग्रामांतही आढळतो. दुसरीकडे तेच बांधव दिवसातून पाच वेळा नमाज पढतात, रमजानचे रोजे पाळतात, जकात देतात, हेही आपण पाहतो. सर्व काही आधीच ठरलेले असेल, तर ही प्रार्थना आणि ही सत्कर्मे कशासाठी? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आजारी माणसासाठी नोव्हेना करूनही तो दगावला, की घरची मंडळी धर्मगुरूंना नेमके हेच विचारतात. म्हणूनच शेजाऱ्यांच्या धर्माने या प्रश्नाचे काय उत्तर दिले आहे, ते समजून घेणे उपयुक्त ठरेल.

रेवदंडा-चौलचा वारसा

आपल्या परिसरात इस्लाम तलवारीच्या आधी व्यापाराबरोबर आला. अरब इतिहासकार अल-मसूदी याने इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला भेट दिली. त्याने या बंदराला ‘सैमूर’ म्हटले असून तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे नमूद केले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच येथेच जन्मलेली त्यांची संततीही होती. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी विधिपरंपरा पाळतात. कोकणी मुसलमान मात्र अरबी समुद्राच्या वाटेने आलेली शाफई परंपरा पाळतात. माहीमचे मखदूम अली माहिमी (इ. स. १३७२–१४३१) हे या कोकणी परंपरेतील थोर पंडित होते. त्यांनी कुराणावर अरबी भाषेत भाष्य लिहिले. तेव्हा तकदीरविषयीचा इस्लामी विचार आपल्या किनाऱ्यावर हजार वर्षांपासून नांदत आहे.

तकदीर म्हणजे काय?

सुन्नी परंपरेत श्रद्धेची सहा कलमे सांगितली जातात : अल्ला, त्याचे देवदूत, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि तकदीर. जे घडते ते परमेश्वराला आधीपासून ज्ञात आहे, त्याच्याकडे नोंदलेले आहे, त्याच्या इच्छेबाहेर नाही आणि त्याच्या निर्मितिशक्तीवाचून घडत नाही, असा सहाव्या कलमाचा आशय आहे. कुराणाच्या ५७ व्या सूरेतील २२ वी आयत सांगते, की पृथ्वीवर किंवा माणसाच्या जिवावर येणारे प्रत्येक संकट आधीच नोंदलेले असते. लगेच पुढची आयत या शिकवणीचा हेतू सांगते : गमावले त्याबद्दल माणसाने खचू नये आणि मिळाले त्याबद्दल फुगून जाऊ नये.

याच कुराणात माणसाच्या जबाबदारीचाही तितकाच स्पष्ट उच्चार आहे. ज्याला श्रद्धा ठेवायची त्याने ठेवावी, ज्याला नाकारायचे त्याने नाकारावे (१८:२९). माणसाच्या पदरी त्याच्या प्रयत्नांचेच फळ पडते (५३:३९). कोणताही समाज स्वतःच्या अंतरंगातील स्थिती बदलत नाही, तोवर परमेश्वर त्याची अवस्था बदलत नाही (१३:११). देवाची इच्छा असती तर आम्ही मूर्तिपूजा केलीच नसती, अशी सबब सांगणाऱ्यांना कुराणाने ठणकावले आहे (६:१४८).

दोन टोके आणि मधली वाट

या दोन बाजूंचा मेळ कसा घालावा, यावर इस्लामच्या पहिल्या शतकांतच मोठा वाद झाला. जबरिया मताचे लोक म्हणत, की माणूस वाऱ्यावर उडणाऱ्या पिसासारखा पराधीन आहे. उलट कदरिया आणि त्यांच्यानंतर मुअतझिला म्हणत, की माणूस आपल्या कृत्यांचा स्वतःच कर्ता आहे. तसे नसेल तर त्याला शिक्षा देणारा देव न्यायी कसा ठरेल? अबुल हसन अल-अशअरी (मृत्यू सुमारे इ. स. ९३६) यांनी मधली वाट काढली. कृत्य निर्माण करतो परमेश्वर, परंतु ते स्वीकारून ‘कमावतो’ माणूस आणि म्हणून त्याचा जबाबदारही तोच, असे त्यांचे प्रतिपादन होते. समरकंदचे अल-मातुरिदी (मृत्यू इ. स. ९४४) यांनी माणसाच्या निवडीला आणखी थोडा अधिक वाव दिला. शाफई विद्वानांत अशअरींचा, तर हनफी विद्वानांत मातुरिदींचा विचार रुजला.

दुआ तकदीर बदलते का?

दुआवाचून दुसरे काहीही तकदीर टाळू शकत नाही आणि सदाचारावाचून दुसऱ्या कशानेही आयुष्य वाढत नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. अल्ला हवे ते पुसतो, हवे ते राखतो आणि मूळ ग्रंथ त्याच्याजवळच असतो, असे कुराण म्हणते (१३:३९). यावरून अनेक विद्वानांनी तकदीरचे दोन प्रकार मानले. एक अटळ आणि दुसरी सशर्त. ‘याने दुआ केली तर संकट टळेल’ अशी सशर्त नोंद असते. तो दुआ करील की नाही, हे मात्र परमेश्वराच्या अंतिम ज्ञानात आधीच असते. शब-ए-बारातच्या रात्री कोकणातील मुसलमान जागरण करतात, कबरस्तानात जाऊन दुआ मागतात, त्यामागे वर्षाचे विधिलिखित या रात्री ठरते ही लोकश्रद्धा आहे.

इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११), जे स्वतः शाफई होते, त्यांनी हा मुद्दा सोप्या दृष्टान्ताने उलगडला. ढाल बाणाला अडवते, पाण्यामुळे रोप उगवते. त्याचप्रमाणे दुआ हे संकट दूर होण्याचे एक कारण आहे. तकदीरवर विश्वास आहे म्हणून कोणी ढाल टाकून देत नाही की बी पेरून पाणी तोडत नाही. ज्या परमेश्वराने परिणाम नेमला, त्यानेच त्याचे कारणही नेमले आहे. औषधाने तकदीर टळते काय, असे पैगंबरांना विचारले असता, औषध हादेखील तकदीरचाच भाग आहे, असे त्यांनी उत्तर दिल्याचे हदीस सांगते.

सत्कर्मांचे स्थान

एका दफनविधीच्या वेळी पैगंबर म्हणाले, की प्रत्येकाचे अंतिम स्थान नोंदलेले आहे. तेव्हा सोबत्यांनी विचारले, मग त्यावर विसंबून कर्म सोडून द्यावे काय? पैगंबरांनी त्यांना कर्म करीत राहण्यास सांगितले. ज्यासाठी जो निर्माण झाला आहे, त्याला ती वाट सुलभ केली जाते. दानधर्माबाबत कुराण अधिकच कठोर आहे. देवाला वाटले असते तर त्यानेच गरिबाला जेवू घातले असते, आम्ही कशाला द्यावे, असे म्हणणाऱ्यांना ते उघड भरकटलेले ठरवते (३६:४७). उंट बांधावा की अल्लावर भरवसा ठेवून मोकळा सोडावा, असे विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी आधी उंट बांधून मग भरवसा ठेवायला सांगितले. उधाणाच्या रात्री होडी नीट बांधून मगच घरी जाणाऱ्या रेवदंड्याच्या नाखव्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

खलिफा उमर आणि अबू उबैदा

या शिकवणीची खरी कसोटी इ. स. ६३९ च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे आजच्या सिरिया-पॅलेस्टाईनच्या भागात लागली. तिकडे निघालेल्या खलिफा उमर यांना वाटेत प्लेगची वार्ता कळली आणि त्यांनी परतण्याचे ठरविले. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, “अल्लाच्या तकदीरपासून पळता काय?” उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. गुराख्याने उंट हिरव्या उतारावर चारले काय किंवा उजाड उतारावर चारले काय, दोन्ही अल्लाच्या तकदीरनेच. पण म्हणून शहाणा गुराखी उजाड उतार निवडत नाही. उमर परतले. अबू उबैदा आपल्या सैन्याबरोबर राहिले आणि त्याच साथीत मरण पावले. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून जाऊ नये, ही पैगंबरांची सूचना त्या प्रसंगी पुढे आली. २०२० च्या महासाथीत मशिदी बंद ठेवताना अनेक मौलवींनी तिचाच आधार घेतला.

आपल्या परंपरेतील प्रतिध्वनी

संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर गझालींच्या उत्तराच्या फार जवळ जाते. आपण देवाची योजना बदलण्यासाठी प्रार्थना करीत नाही. जे प्रार्थनेद्वारे द्यायचे देवाने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो, असे ते शिकवितात. तरीही देवाची कृपा आणि मानवी स्वातंत्र्य यांवरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघीय आणि डॉमिनिकन धर्मगुरूंत तीव्र वाद पेटला. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देता एकमेकांच्या मताला पाखंड म्हणण्यास दोन्ही पक्षांना मनाई केली. त्या काळी या दोन्ही संघांचे मठ रेवदंड्याच्या कोटात होते. त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आजही माडांच्या वाडीत उभे आहेत. जो प्रश्न आपल्याच घरात अनिर्णित राहिला, त्यावरून शेजाऱ्याला दैववादी म्हणून हिणविणे आपल्याला शोभणारे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात तर देवाच्या गूढ आदेशांना अब्राहामाप्रमाणे शरण जाण्याच्या मुसलमानांच्या प्रयत्नाची आदराने दखल घेतली आहे.

एका हदीसमध्ये या साऱ्याचे सार आले आहे. जे हिताचे आहे त्यासाठी झटावे, देवाचे साहाय्य मागावे आणि हातपाय गाळू नयेत. इतके करूनही विपरीत घडले तर ‘असे केले असते तर’ म्हणून स्वतःला जाळत बसू नये, ही अल्लाची योजना होती असे म्हणावे. तकदीरचा आधार घडून गेलेल्या गोष्टीसाठी आहे. घडावयाच्या गोष्टीसाठी दुआ आणि प्रयत्न आहेत. गेथशेमनी बागेत प्रभू येशूनेही प्याला दूर व्हावा म्हणून आधी विनवणी केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. पुढच्या वेळी एखाद्या मुसलमान शेजाऱ्याच्या घरी सांत्वनाला गेलात आणि ‘अल्लाची मर्जी’ हे शब्द कानी पडले, तर ती हतबलता समजू नका. त्या माणसाने कदाचित रात्रभर रुग्णालयात धावपळ करून, दुआ मागून झाल्यावरच ते शब्द उच्चारलेले असतील.