बार्शी लाइटचे अडीच फूट

कल्याणला जी.आय.पी. रेल्वेचे दोन फाटे होतात. एक आमच्या टिटवाळ्यावरून कसाऱ्याकडे जातो, दुसरा बोरघाट चढून पुणे-सोलापूरकडे. या दुसऱ्या फाट्याने बार्शीची कापसाची पेठ वीसेक मैल बाजूला टाकली. जवळच्या स्टेशनचे नावच ‘बार्शी रोड’ पडले. तीच आजची कुर्डुवाडी. कापसाच्या गाठी तिथवर बैलगाडीने जात.

ही उणीव जी.आय.पी.त नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने हेरली. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली गाडी बार्शीला पोहोचली. रुळांमधले अंतर अवघे २ फूट ६ इंच. कॅलथ्रॉपचा हिशोब साधा होता : वारभर लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ इंजिनाच्या एका आसाचा ५ टन भार पेलतो, तर डब्याच्या आसावरही तेवढाच का घालू नये? म्हणून सगळ्याच आसांवर सारखा भार ठेवला. रूळ स्वस्त आणि माल भरपूर. या कल्पनेला मी मनापासून दाद देतो.

पण कागदावर वाचलेला पैसा पुढे दुसऱ्यांनी मोजला. कुर्डुवाडीला मोठ्या मापाच्या डब्यातला माल उतरवून छोट्या डब्यात चढवायचा, तोही हमालांच्या पाठीवरून. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड मार्गावर (१९०४) याच कॅलथ्रॉपने मोठ्या मापाचा अख्खा डबा छोट्या गाडीवर लादून नेण्याची सोय केली होती!

कंपनी वाढत गेली : १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. एकूण सुमारे २०० मैल. लातूरच्या बाजारपेठेला तिने मुंबईची वाट दाखवली, हे नाकारता येत नाही. पंढरपूरच्या यात्रांनी तर तिला हमखास गर्दी दिली. पण मिरजेला मीटरगेज, कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आणि मधे ही अडीच फुटी. दोन्ही टोकांना सांधा जुळेना. टिटवाळ्याच्या वारकऱ्याला कल्याणला गाडी बदलून पुन्हा कुर्डुवाडीला बोचके खाली घ्यावे लागे.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली. लंडनचे भागधारक गेले, माप मात्र तेच राहिले. रुंदीकरण व्हायला एकविसावे शतक उजाडले आणि तेही टप्प्याटप्प्याने झाले. १८९५ च्या काटकसरीची वसुली अशी शंभर वर्षे चालू होती, आणि तिच्यातला मोठा वाटा तिसऱ्या वर्गाच्या उताऱ्यांनी भरला.