पावणेअकराची कोरडी ओकारी

घर, कुत्रा आणि वेळा मी जुळवल्या आहेत. आजाराची चाल मात्र जनावरांच्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री बघावी लागते तशीच.

रात्री 8:30. हृदय थांबायला सात तास.
टायगर, जर्मन शेफर्ड, वय आठ. जेवण दिवसातून एकदाच, पण पातेलंभर. चिकन-भात दोन मिनिटांत साफ. खोल छातीची जात, उतारवय, एकवेळचं भरपेट खाणं, न चावता गिळणं. जठर फुगून त्याला पीळ पडण्याच्या धोक्याची बहुतेक कारणं इथेच जमली आहेत. वाडगा स्टँडवर ठेवलाय, मान अवघडू नये म्हणून. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंचावरच्या वाडग्याने हा धोका वाढलेला दिसला होता. पुढे त्यावर वाद झाले, स्टँडची विक्री काही थांबली नाही.

10:00.
एका जागी ठरेना. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतो. आजी ओरडतात, "टायग्या, गप पड की रे!"

10:45. पावणेपाच तास.
ओकायला लागतो. मान पुढे, पाठीची कमान, पोट आत खेचलेलं, घशातून घरभर ऐकू जाईल असा आवाज. आणि फरशीवर पडते फक्त फेसाळ लाळ. पुन्हा तेच. पुन्हा फेसच. पातेलंभर भात पोटात असताना एक शीतही बाहेर येत नाही, कारण वाट उरलेली नाही. वायूने फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरलंय आणि त्याची दोन्ही तोंडं पिळली गेली आहेत.

वेळेत ऑपरेशन झालं तर असे दहातले सात-आठ कुत्रे वाचतात. गाडी काढायची ती आत्ता. "काहीतरी कचरा खाल्ला असेल" असं ठरतं आणि गाडी जागेवरच राहते.

11:30.
ओव्याचं पाणी, वर चिमूटभर सोडा. आत पोचलंच तर आणखी वायू. बरगड्यांमागे टिचकी मारली तर ढोल वाजावा तसा आवाज येतो. आत फुगलेल्या जठराखाली मोठी शीर दबली आहे. मागच्या अंगातलं रक्त हृदयाकडे परतत नाही, म्हणून आहे तेवढ्यावर भागवायला हृदय धावत सुटतं. प्लीहाही जठराबरोबर ओढली गेली आहे.

1:30. दोन तास.
टायगर आडवा होतो. "झोपला एकदाचा!" दिवा मालवतात. मला विचाराल तर या रात्रीतला सगळ्यात घातक क्षण हाच. हिरडी बोटाने दाबून सोडली तर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. टायगरची पांढरीच राहिली असती. ही झोप नाही, शॉक आहे.

3:00.
मुलगा पाणी प्यायला उठतो, हाक मारतो, शेपूट हलत नाही. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. रात्री उघडा असलेला दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. चादरीची झोळी होते.

3:30.
मागच्या सीटवर हृदय थांबतं. जबडा उघडून एक आचका, बऱ्याच वेळाने दुसरा. "श्वास चालू आहे," मुलगा म्हणतो. तो श्वास नव्हे. नाडी चाचपत न बसता कुत्र्याला कडक जागी कुशीवर घ्यायचं, छातीच्या सर्वांत रुंद भागावर दोन्ही हात ठेवायचे, रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण उसळू द्यायची. तीस दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन फुंका. घरात हे कुणालाच ठाऊक नाही. गाडी सिग्नल तोडत जाते.

3:38.
टेबलावर घेताच नर्स दाबायला लागते, डॉक्टर कुशीवरच श्वासनलिकेत नळी घालतात. आता दाब न थांबवता मिनिटाला दहा श्वास. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलतो, कारण थकलेला हात उथळ दाबतो आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. शिरेतून ॲड्रेनलिन. ही शिस्त 'रिकव्हर' या मार्गदर्शिकेची, 2012 सालची, 2024 मध्ये सुधारलेली. त्याआधी ज्याची त्याची पद्धत होती.

तरी दवाखान्यात हृदय बंद पडलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी शंभरात दहासुद्धा घरी परतत नाहीत. भूल देताना थांबलेलं हृदय त्यातल्या त्यात परत येतं; तिथे माणसं हजर असतात आणि कारण काढून टाकता येतं. टायगरचं कारण पोटात तसंच आहे. जठर छाती-पोटामधल्या पडद्याला रेटतंय, त्या मोठ्या शिरेवर बसलंय. रिकाम्या हृदयावर कितीही दाबा, पुढे ढकलायला रक्त हवं ना.

3:58.
डॉक्टर हात थांबवायला सांगतात. ग्लोव्हज काढता काढता पहिला प्रश्न: "ह्याच वेतातला दुसरा कुणी आहे का घरी?"

आहे. मोठ्या काकांकडे, चिंचवडला, सख्खा भाऊ.

"मग धोका त्यालाही आहे, याच आठवड्यात दाखवा." जठर उजवीकडे पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधता येतं, मग फुगलं तरी सहसा फिरत नाही. डॉक्टर कागदावर तसं लिहून देतात.