टिळकांच्या घरचीं मुलें

नवापूर हें गांव आज नंदुरबार जिल्ह्यांत आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून हा जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीं तो पश्चिम खानदेशाचा भाग होता, आणि ज्या काळाविषयीं मी बोलणार आहें त्या काळीं तर सबंध खानदेश हा एकच जिल्हा होता. रंगावली नदीच्या कांठचें, डांगच्या रानाला टेकलेलें हें गांव. पोलिसखात्यांतील नोकरीमुळें ठोमरे नांवाच्या एका गृहस्थांचें बिऱ्हाड फिरत फिरत तेथें आलें होतें. आणि तेथेंच १९०३ च्या सुमारास त्यांच्या तेरा वर्षांच्या त्र्यंबकानें आपली पहिली कविता लिहिली. हाच मुलगा पुढें 'बालकवि' झाला. तो वाढला मात्र दोन घरांत, आणि त्यांतील दुसरें घर एका ख्रिस्ती पाळकाचें होतें. श्रोतेहो, आजचें हें भाषण त्या दुसऱ्या घराविषयीं आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आपण शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ऐकिलें आहे. 'फुलामुलांचे कवि' म्हणून त्यांची ख्याति आहे; परंतु फुलांवर व मुलांवर कविता लिहिणें वेगळें आणि घरांत मुलें वाढविणें वेगळें. तें दुसरें काम टिळकांच्या घरीं कसें चाललें हें पाहावयाचें तर लक्ष्मीबाईंकडे वळलें पाहिजे.

लक्ष्मीबाई या नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें तेव्हां त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. माहेरीं वडिलांच्या सोवळ्याचा कहर असा कीं, बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुतल्यावांचून घरांत येत नसे. सासरीं सासऱ्यांच्या संतापाचा धाक. नवरा बुद्धिमान, प्रेमळ आणि अत्यंत लहरी. आज येथें तर उद्यां तेथें. पहिलीं मुलें लहानपणींच गेलीं. १८९१ सालीं देवदत्त जन्मला, त्याला घरांत दत्तू म्हणत. दत्तू पुरता चार वर्षांचाही नसेल नसेल तोंच, १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

त्या काळीं या घटनेचा अर्थ काय होता हें आज समजावून सांगावें लागतें. धर्म बदलणारा मनुष्य आपल्या नातलगांच्या दृष्टीनें मेलाच. मात्र त्याची पत्नी विधवा होत नसे आणि सधवाही राहत नसे. तिचें स्थान कोणत्याच पंक्तींत उरत नसे. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानें राहिल्या; जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशीं ठिकाणें झालीं. इकडे वडिलांचा जीव मुलावर. तिकडे आईला भीति कीं मूल एकदां त्या घरीं गेलें कीं तें परत आपलें राहणार नाहीं. अशा ओढाताणींत मूल कांहीं विचारीत नाहीं, पण त्याला सर्व समजतें. माझ्या मतें त्या घराच्या इतिहासांतील हा खरा नाजूक प्रसंग आहे. मतांतराचे वाद त्यापुढें गौण होत.

कांहीं वर्षांनीं दोघें पुनः एकत्र आलीं, परंतु एका धर्मांत नव्हे. अहमदनगरच्या त्या बिऱ्हाडांत पति ख्रिस्ती आणि पत्नी आपल्या आचाराला धरून राहणारी. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. मुलाला मात्र दोन्हीकडे मुभा. टिळकांनीं पत्नीवर सक्ति केली नाहीं, आणि लक्ष्मीबाईंनीं आपल्या मनाशीं विचार करून जातिभेद हा मनुष्यानेंच केलेला आहे असा निर्णय घेतला, तो कोणाच्या व्याख्यानानें नव्हे. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

हीं वर्षें दुष्काळाचीं व प्लेगचीं होतीं. १८९९-१९०० च्या दुष्काळांत अमेरिकन मराठी मिशनकडे नगर जिल्ह्यांत अनाथ मुलांची रीघ लागली. दत्तू व तारा यांच्याखेरीज टिळकांच्या घरीं परकीं मुलें किती जेवून गेलीं याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं, आणि हिशेब ठेवणें हा टिळकांचा गुण नव्हता. घरसामान आणावयास निघालेले यजमान भलतीच वस्तु घेऊन परततात, किंवा हातचे पैसे वाटेंत कोणास तरी देऊन रिकामे येतात, हें त्या घरीं नेहमींचें. ऐकणाऱ्यास याची गंमत वाटते. चूल पेटविणारीस वाटत नसावी. लक्ष्मीबाईंनीं या हकीगती हंसत सांगितल्या आहेत, परंतु त्या हंसण्याआड उद्यांच्या दाण्याची काळजी स्पष्ट दिसते.

मिशनच्या वर्षाची चाल ठरलेली असे. हिवाळा लागला कीं तंबू व राहुट्या बैलगाड्यांवर लादून खेड्यापाड्यांचा दौरा. उन्हाळा आला कीं महाबळेश्वरासारखें थंड हवेचें ठिकाण. गोऱ्या मिशनऱ्यांचीं मुलें या दोन्ही मुक्कामांची वर्षभर वाट पाहत. खानदेशांतही, जेथें पुढें स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनीं नंदुरबार, नवापूर या बाजूस काम केलें, तेथें सातपुड्याच्या पायथ्याला थंडीचे मुक्काम होत. आणि तोरणमाळची थंड हवा व तेथला यशवंत तलाव तर त्या मुलखाचें भूषणच. देशी पाळकाच्या मुलांच्या वांट्याला यांतील किती येई? पगार तुटपुंजा, आणि थंड हवेचा बंगला साहेबाचा. हा भेद टिळकांना फार बोचे. मराठी ख्रिस्ती मंडळी परक्यांच्या ओंजळीनें पाणी पिणारी राहूं नये, हा आग्रह त्यांनीं शेवटपर्यंत धरला आणि १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्यास ते मोकळे झाले.

मराठी मुलांची छावणी निराळीच होती. प्लेग आला कीं अख्खें गांव ओस पडे आणि माणसें शेतांत, माळावर झोपड्या घालून राहत. थोरांना तो काळ मरणाच्या छायेचा. मुलांना मात्र शाळा बंद, भिंती नाहींत, रात्रीं उघड्या आभाळाखालीं गोष्टी. त्या पिढीच्या पुष्कळ वृद्धांच्या तोंडून झोपडींतल्या दिवसांचें वर्णन एकाद्या सुटीसारखें ऐकूं येई तें यामुळेंच. लक्ष्मीबाई मात्र त्या झोपड्यांत रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या.

आतां पुनः खानदेशाकडे येऊं. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. अध्यक्ष कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या ठोमऱ्याची कविता ऐकून त्यांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली. टिळकांचा त्याच्यावर लोभ जडला, आणि लौकरच हा मुलगा नगरास टिळकांच्या घरीं राहावयास आला. दत्तूहून तो वर्षभरानेंच मोठा. एका घरांत आतां दोन तरुण मुलगे झाले. एक पोटचा, एक कवितेच्या नात्याचा.

ठोमरे हा वागवावयास सोपा मुलगा नव्हता. रुसणें, तडकाफडकीं निघून जाणें, मग आपणच परत येणें असा त्याचा स्वभाव. टिळकही तसेच, त्यामुळें दोन कवींचें भांडण मिटविण्याचें काम लक्ष्मीबाईंकडे. लहानपणीं घरीं जिजी नांवाच्या बहिणीनें त्याला कवितेची गोडी लाविली होती. येथें लक्ष्मीबाईंनीं त्याला आईची माया दिली. ब्राह्मणाचा मुलगा पाद्र्याच्या घरीं राहतो, तेव्हां तो बाटणार, ही कुजबूज सहज समजण्याजोगी होती. टिळकांनीं त्याला ख्रिस्ती केलें नाहीं. ज्या गृहस्थानें स्वतःच्या पत्नीची वाट वर्षानुवर्षें पाहिली, त्यानें पाहुण्या मुलावर घाई करावी हें संभवनीयच नव्हतें. 'बालबोधमेवा' मासिकांत दुसऱ्यांच्या मुलांसाठीं लिहितांना जो सौम्यपणा टिळक दाखवीत, तो घरींही दाखवीत. निदान रागाचा झटका ओसरल्यावर दाखवीत.

५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनावर आगगाडीखालीं सांपडून बालकवि मृत्यु पावले. वय अठ्ठावीसही पुरें नव्हतें. पुढें एका वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळकांचा अंत झाला.

मुलें मोठीं झालीं. देवदत्तांनीं वडिलांचें चरित्र लिहावयाचें मनांत घेऊन आईला आठवणी लिहून काढावयास सांगितलें. संसार मुलाबरोबर कराचीस गेला, तेथून पुनः नाशिकास आला. आठवणी वाढत गेल्या आणि वडिलांच्या चरित्राच्या सामग्रींतून आईचें आत्मचरित्र उभें राहिलें. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती हें त्या पुस्तकाच्या बाबतींत एक भाग्यच म्हणावें लागेल. त्यांत शाळेंतली भाषा कोठेंच नाहीं.

टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें काव्य आरंभिलें होतें, तें थोड्या अध्यायांनंतर अपुरें राहिलें होतें. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या नाशिकास वारल्या. त्यांचे कागद नीट लावून छापावयास देण्याचें काम, लहानपणीं ज्याच्यासाठीं दोन घरांत ओढाताण झाली होती, त्या दत्तूच्या हातीं आलें.